झिप करताना एवढं सांभाळ

चादरीच्या डिझाइनचं फोल्डर मेलने जात नाही म्हणून लगेच नवं सॉफ्टवेअर शोधू नकोस. फोल्डर दाबून एकच छोटी फाइल करायची, म्हणजे झिप करायची, सोय विंडोजमध्ये आधीपासून आहे. फोल्डरवर राइट क्लिक कर. विंडोज ११ मध्ये 'कॉम्प्रेस टू' दिसेल, विंडोज १० मध्ये 'सेंड टू'मध्ये झिपचा पर्याय. मॅकवरही राइट क्लिकमध्येच आहे.

पण काय आकसतं आणि काय नाही, हे नीट समजून घे. झिप पुन्हापुन्हा येणारी माहिती एकदाच पूर्ण लिहितं, पुढे फक्त खूण ठेवतं. जॅकार्डच्या, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीच्या, डिझाइनची बीएमपी फाइल (न दाबलेलं चित्र) म्हणजे चार-सहा रंग आणि त्याच रंगाचे लांबलचक पट्टे. ती झिपमध्ये एकदम चिमुकली होते. मोबाइलवर काढलेले चादरींचे फोटो बहुतेक जेपीजी असतात, म्हणजे आधीच दाबलेले. त्यांची झिप करून आकार जेमतेम कमी होतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, तेव्हा फोटोंसाठी गूगल ड्राइव्हची लिंकच दे.

आणि एक, हे मी सोसलंय म्हणून कळकळीने सांगतो. झिपमधली फाइल बाहेर न काढता तिथेच तिच्यावर काम करत बसू नकोस. मी एकदा सबंध संध्याकाळ बॉर्डरचे रंग बदलले. सकाळी कारखान्यात झिप उघडली तर जुनंच डिझाइन! विंडोज ती फाइल तात्पुरत्या जागी उघडतं, बदल झिपमध्ये जातीलच असं नाही. आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' कर, मग हात लाव.

मूळ फोल्डर मात्र झिप उघडून तपासल्याशिवाय डिलीट करायचं नाही.