भरतकामाच्या सुट्या सुया एकत्र मिसळल्या आहेत. कोणती कुठली हे कसं ओळखायचं आणि कशा ठेवायच्या?

आधी टोक बोटाला हलकेच लावून बघा. बोथट टोक आणि मोठं नेढं असेल तर ती टेपेस्ट्री सुई, म्हणजे मोजून टाके घालायच्या क्रॉस स्टिचसारख्या कामाची. तेवढंच मोठं नेढं पण टोक अणकुचीदार असेल तर शनील. लोकर किंवा रिबिनीच्या भरतकामाला ती हवी. टोकदार, पण जरा बारीक आणि लांबट नेढ्याची असते ती क्रूएल, आपली नेहमीची भरतकामाची सुई.

सगळ्यात फसवी मिलिनर्स. लांब असते आणि नेढ्यापाशी फुगत नाही, पूर्ण सुई एकाच जाडीची. म्हणूनच बुलियन टाक्याचे, म्हणजे सुईवर दोरा अनेकदा गुंडाळून घालायच्या टाक्याचे, वेढे तिच्यावरून अलगद सरकतात. चिमटीत धरून नेढ्याकडे ओढा, फुगवटा लागला नाही की ओळखा.

नंबर मात्र उलटा चालतो: आकडा मोठा तितकी सुई बारीक. आणि हा आकडा त्या त्या प्रकारापुरताच धरायचा. क्रूएल ५ आणि टेपेस्ट्री २४ यांची आकड्यावरून तुलना करू नका. नंबर माहीत असलेली एक सुई शेजारी धरून जाडी ताडून बघणं सोपं.

ठेवायला फेल्टच्या कापडाची पानं शिवून छोटी वही करा. एका पानावर एकच प्रकार, आणि प्रकाराचं नाव, नंबर त्याच पानावर दोऱ्याने भरून टाका. कापसाच्या पिनकुशनमध्ये बारीक सुया आत गडप होतात, शिवाय दमट हवेत गंजतात. गंजलेली सुई सरळ टाकून द्या, कापडावर डाग पडतो. वापरात असलेल्या सुईच्या जागी रंगीत टाचणी खोचली की ती परत आपल्याच पानावर जाते.