अमेरिकन गायक क्लॅरेन्स कार्टरचं ‘पॅचेस’ हे गाणं त्याच्या स्वतःच्या आयुष्यावर आहे का? मला तर ते नुसतं रडगाणं वाटतं.

त्याच्या आयुष्यावर नाही. ते जनरल जॉन्सन आणि रॉन डनबार यांनी लिहिलं, आणि जॉन्सनच्या ‘चेअरमेन ऑफ द बोर्ड’ या गटाने आधी गायलं. कार्टरने १९७० साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत पुन्हा गायलं आणि तेच गाजलं. कार्टर जन्मापासून आंधळा, अलाबामातल्याच माँटगोमेरी शहराचा, संगीताची पदवी घेतलेला.

पण ‘रडगाणं’ हा शब्द झोंबला म्हणून लिहितोय.

तुम्ही ते गाणं पूर्ण ऐकलेलं नाही. कपडे इतके फाटके की लोक पोराला पॅचेसच म्हणतात, आपल्याकडे ठिगळ्या म्हटलं असतं. बाप मरताना घर त्याच्यावर सोपवतो आणि दोन दिवसांत जातो. पोरगा आईला सांगतो, मी शाळा सोडतो. आई नाही म्हणते, कारण शाळा सोडायची नाही हा बापाचा सगळ्यात कडक नियम होता. मग तो रोज कोंबड्यांना दाणे टाकून, लाकडं फोडून शाळेत जातो. हे रडणं आहे?

आमचे वडील गेले तेव्हा दादा नववीत होता, मी चौथीत. तेराव्याच्या पंगती उठल्या आणि चुलत्यांनी ठरवून टाकलं, मोठ्याने आता गिरणी बघायची. घरात कुणी ‘नको’ म्हणालं नाही. माझी फी, माझं हॉस्टेल, सगळं त्या दळणातून आलं.

परवा दिवाळीत गावी गेलो तेव्हा वीज गेली होती. दादा गिरणी उघडून दगडाला टाकी लावत बसला होता, भुवयांवर पीठ. मी मोबाईलवर हे गाणं लावलं आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. शाळेच्या ओळीला टाकीचा ठोका थांबला. “आईनं सोडू दिली नाही?” त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. “पुन्हा लाव ती ओळ.” तीन वेळा लावली. मग वीज आली आणि दळणाचे डबे घेऊन बायका आल्या.

चुलते आजही म्हणतात, परिस्थितीच तशी होती. या गाण्यात तर पावसाने उभं पीक वाहून नेलं तरी आई पोराला बापाचाच शब्द आठवून देते. परिस्थिती त्यांचीही होती. आमच्याकडे सकाळी गिरणी आणि मग शाळा, एवढं कुणाला सुचलंच नाही. आईला दोष देत नाही, तिला त्या बैठकीत विचारलंच नव्हतं.

व्हायोलिनं जरा जास्त झालीत, हे कबूल. सुरुवातीचं बोलणंही काहींना लांबट वाटेल, पण ते गाळू नका. निर्माता रिक हॉल अलाबामातल्याच गरिबीत वाढलेला, त्याचे वडील ट्रॅक्टरच्या अपघातात गेले. असल्या घरातल्या माणसाच्या हाताखाली हे रेकॉर्ड झालंय. चेअरमेनवाल्यांचं मूळ गाणंही ऐका, पण कार्टरचं झाल्यावर. आणि घरात कुणी शिक्षण सोडून तुम्हाला शिकवलं असेल, तर त्याच्या शेजारी बसून ऐका.