मतं नंतर, आधी खोकं बघ

अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र वाचलं. पहिल्या पानावर मुक्त बाजारपेठ ही माणसाला सुचलेली सर्वांत हुशार गोष्ट आहे, आणि शेवटच्या पानावर बड्या कंपन्यांनी जगाचं वाटोळं केलं आहे. अक्षर दोन्हीकडे तुझंच. या विसंगतीला माझी हरकत नाही, उलट तुझ्या वयात ती नसती तर काळजी वाटली असती. हरकत एवढीच की सबंध पत्रात एकही वस्तू नाही. बाजार, सरकार, तंत्रज्ञान, संस्कृती असे मोठाले शब्द तेवढे एकमेकांवर आपटतात.

म्हणून सांगतो, एखादी वस्तू धर आणि ती आपल्यापर्यंत कशी आली ते खणून काढ. निवडताना शक्यतो कंटाळवाणी निवड. माझी आवडती वस्तू म्हणजे मालवाहतुकीचा कंटेनर.

26 एप्रिल 1956 रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालं. दुसऱ्या महायुद्धातलं जुनं तेलवाहू जहाज, आणि त्याच्या डेकवर 58 मोठी धातूची खोकी. कल्पना माल्कम मॅकलीन या ट्रकधंद्यातल्या माणसाची. तोवर बंदरात एकेक पोतं, एकेक पिंप, एकेक पेटी माणसंच चढवायची आणि उतरवायची. जहाजं समुद्रापेक्षा धक्क्यालाच जास्त रमायची. सुटा माल चढवायला टनामागे जवळपास 6 डॉलर लागत, त्या जहाजावर हाच खर्च 16 सेंटांच्या आसपास आला. शिवाय त्या काळच्या अमेरिकी नियमांमुळे ट्रक आणि जहाजं एकाच मालकाकडे ठेवणं अवघड होतं, म्हणून मॅकलीनने आपली भरभराटीला आलेली ट्रक कंपनी विकून टाकली होती. धाडसी उद्योजक, आडवे येणारे नियम: तुझ्या पहिल्या पानाला हवी होती अगदी तशी गोष्ट.

पण गोष्ट तिथे संपत नाही. मॅकलीनचं खोकं 35 फुटी होतं, मॅटसन या दुसऱ्या कंपनीचं 24 फुटी. एकाच्या साधनांना दुसऱ्याचं खोकं जुळेना. हा गुंता बाजारातल्या चढाओढीने सुटला नाही. तो सुटला समित्यांच्या रटाळ बैठकांत. 1960च्या दशकात आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत लांबी-रुंदीवर आणि खोक्याच्या कोपऱ्यातल्या पकडीवर वर्षानुवर्षं खल चालला. अखेर 20 आणि 40 फूट ही मापं रुळली, आणि मॅकलीनच्या कंपनीने आपल्या पकडीच्या पेटंटवरचा हक्क विनामूल्य सोडला, म्हणून इतरांना ती वापरता आली. पॅसिफिकपार हे सगळं पोहोचलं ते व्हिएतनाम युद्धामुळे. 1967 पासून मॅकलीनची जहाजं लष्कराचा माल कॅम रान्ह उपसागरात नेऊ लागली. जाण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून निघत होता, मग परतीची रिकामी जहाजं वाटेत जपानमधून माल उचलू लागली.

आता सांग, कंटेनर कोणी यशस्वी केला? बाजाराने, समितीने की युद्धाने? मला तिघांची नावं घ्यावी लागतात, आणि त्यातलं युद्धाचं घेताना जीभ अडखळते.

प्रवासाच्या तुझ्या यादीत लंडन आहे. तिथे कॅनरी वॉर्फला जा. त्या काचेच्या मनोऱ्यांच्या जागी वेस्ट इंडिया डॉक्स होत्या. 1802 साली उघडलेल्या या गोद्या 1980 मध्ये बंद पडल्या, कारण कंटेनरची जहाजं त्यांना झेपणारी नव्हती. माल फेलिक्सस्टोसारख्या बंदरांकडे वळला. जवळच्या जुन्या गोदामात गोदी परिसराचं संग्रहालय आहे, ते निवांत बघ. स्वस्त वाहतुकीचा फायदा जगभरातल्या गिऱ्हाइकांना चिमूटचिमूट मिळाला, तोटा मात्र काही मोहल्ल्यांतल्या घरांनी एकगठ्ठा सोसला. फायदा पसरलेला असला की दिसत नाही आणि तोटा एका जागी साचला की ओरडतो. बाजाराविषयीची निम्मी भांडणं या एका गोष्टीतून निघतात, असं माझं मत आहे. ओरडणारा खोटं बोलत नसतो, आणि गप्प बसलेल्यांचा फायदाही खोटा नसतो.

विमानातल्या अरुंद जागेबद्दलची तुझी चिडचिडही याच खात्यातली. अमेरिकेत 1978 च्या कायद्याआधी देशांतर्गत मार्ग आणि भाडी सरकारी मंडळ ठरवत असे. भाड्यात स्पर्धा करता येईना, म्हणून कंपन्या जेवणात आणि थाटामाटात करत. बंधनं उठल्यावर महागाई वजा जाता भाडी उतरली आणि पाय पसरायची जागाही आटली. माणसं तिकीट बघताना आधी भाडं बघतात, गुडघ्यांचा विचार चढल्यावर करतात. कंपन्यांनी आपल्याला आपल्यापेक्षा बरं ओळखलं, इतकंच.

प्रवासात स्मारकं बघ, पण रस्ता कोणत्या बाजूने चालतो हेही बघ. ज्याला आपण ‘इथली पद्धत’ म्हणतो ती बऱ्याचदा कुणीतरी ठरवलेली असते आणि बदलताही येते. 7 सप्टेंबर 2009 रोजी सामोआ या छोट्या बेटांच्या देशाने वाहनं उजवीकडून डावीकडे आणली. कारण सरळ व्यवहाराचं होतं: ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये वाहनं डावीकडून चालतात, तिथे सामोआचे असंख्य लोक राहतात, आणि तिथल्या वापरलेल्या गाड्या स्वस्तात घरी पाठवता येतील. विरोध झाला, मोर्चे निघाले. बसचे दरवाजे रस्त्याच्या मधोमध उघडणार होते, ते बदलायचा खर्च कोणी करायचा? लोकांना सवय व्हावी म्हणून सुट्ट्या दिल्या, वेगमर्यादा उतरवली, दारूविक्री काही दिवस थांबवली. संस्कृती आणि बाजार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणाऱ्यांनी ही एक हकीकत तरी जरूर वाचावी.

सगळं फुकट असावं, या तुझ्या वाक्यावर फार वेळ घालवत नाही. फक्त 1993 सालची एक जोडी बघ. मिनेसोटा विद्यापीठाने इंटरनेटवरची माहिती शोधून वाचण्याच्या आपल्या ‘गोफर’ या प्रणालीसाठी काही वापरकर्त्यांकडून परवाना शुल्क घेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी 30 एप्रिलला सर्न या संशोधन संस्थेने वेब सर्वांसाठी मोकळं केलं. पुढचं तू रोज वापरतोसच.

पुढच्या पत्रासाठी वस्तू मीच देतो: चार्जरची पिन. 2009 मध्ये युरोपात मोबाइल कंपन्यांनी स्वखुशीने मायक्रो यूएसबीवर एकमत केलं, पण अ‍ॅडॅप्टरची पळवाट ठेवली. शेवटी युरोपियन युनियनने कायदा केला आणि 28 डिसेंबर 2024 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना यूएसबी-सी बंधनकारक झालं. वायरींचा पसारा कमी झाला हे मला आवडलं. पण हाच कायदा 2009 साली आला असता, तर मायक्रो यूएसबीची ती एकाच बाजूने जाणारी नाजूक पिन किती वर्षं आपल्या गळ्यात राहिली असती? माझा कौल तरीही कायद्याच्या बाजूने आहे, थोडक्यात. तुझा कुठे पडतो ते लिही, आणि कारणं पिनेपासून सुरू कर, स्वातंत्र्यापासून नको.