जीव घरात आणल्यावर : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरं

पाळीव प्राण्यांविषयी या वेळी नाशिक आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांत औषधांची चौकशी कमी आणि ‘हे योग्य आहे का?’ ही विचारणा जास्त होती. त्यांतली पाच पत्रं थोडक्यात देत आहोत. उत्तरं देताना आम्ही जनावराची बाजू धरली आहे. पत्र लिहिणाऱ्याला आपली बाजू मांडता येते, जनावराला येत नाही.

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. घरात अंडंही येत नाही. जिन्यात सापडलेलं मांजराचं पिल्लू मुलीने ठेवून घेतलं, ते आता आठ महिन्यांचं आहे. दूध-पोळी, पनीर, दहीभात खातं आणि अंगाने ठीक दिसतं. नातेवाईक म्हणतात, मांजराला मांस न देणं ही क्रूरता. आमचं म्हणणं, एका जिवासाठी दुसरा जीव का मारायचा? (इंदिरानगर)

या बाबतीत नातेवाइकांचं ऐका. कुत्रा नीट आखलेल्या शाकाहारावर जगू शकतो. मांजराचं शरीर मुळातच मांसावर चालणारं आहे. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल त्याला स्वतःपुरतं बनवता येत नाही. वनस्पतींत ते जवळपास नसतंच, दूध-पनीरमध्ये नगण्य असतं. गाजर-भोपळ्यापासून आपण अ जीवनसत्त्व तयार करतो, मांजराला तेही जमत नाही.

टॉरिन कमी पडलं की दोन गोष्टी होतात. डोळ्यातला दृष्टिपटल झिजतो, आणि हृदयाचा स्नायू अशक्त होऊन हृदय फुग्यासारखं ताणलं जातं. या हृदयविकाराचा टॉरिनशी असलेला संबंध अमेरिकेतल्या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवला आणि त्यानंतर मांजरांच्या खाद्यातलं टॉरिनचं प्रमाण वाढवण्यात आलं. हे सगळं व्हायला महिनोन्‌महिने लागतात, म्हणून ‘अंगाने ठीक दिसतं’ यावर विसंबू नका. वेळेत टॉरिन मिळालं तर हृदय बरंचसं सावरतं. गेलेली नजर परत येत नाही.

घरात मांस शिजवायची गरज नाही. मांजरांसाठीचं तयार कोरडं खाद्य आणा. पाकिटावर ‘संपूर्ण आणि समतोल आहार’ असा उल्लेख हवा, पिल्लाच्या वयाचं खाद्य हवं आणि टॉरिन कोरड्या खाद्यात किमान 0.1 टक्का, ओल्या खाद्यात (त्यातलं पाणी वगळून) 0.2 टक्के हवं. पूर्ण वाढलेल्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 50 ते 60 ग्रॅम पुरतं. वाढत्या वयात पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे द्या. त्याची वाटी, चमचा, डबा वेगळा ठेवा आणि बाल्कनीत वाढा. बदल सात ते दहा दिवसांत करा: सुरुवातीला पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवू नका. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. चोवीस तास तोंड लावलं नाही तर डॉक्टरकडे न्या. दूध बंद केलंत तरी चालेल. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही.

कृत्रिम टॉरिन घातलेलं वनस्पतिजन्य खाद्यही मिळतं. वाढत्या पिल्लाला ते द्यायचा सल्ला आम्ही देणार नाही. मोठ्या मांजराला दिलंच, तर वर्षातून दोनदा लघवी तपासा. अशा आहाराने लघवी अल्कधर्मी होऊन खडे होऊ शकतात. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत मरू शकतो.

तुमच्या तत्त्वाबद्दल आदर आहे. पण ते तत्त्व तुमचं आहे, त्या मांजराने स्वीकारलेलं नाही. घरात मांसाचं खाद्य येणं अजिबात सोसणार नसेल तर त्याच्यासाठी दुसरं चांगलं घर शोधा. आणि पुढे घरात प्राणी हवाच असेल तर सशाचा विचार करा. तो गवत-पाल्यावर तुमच्याइतकाच शाकाहारी राहतो.

सोसायटीतल्या एका फ्लॅटचा कुत्रा सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत बाल्कनीत असतो आणि दिवसभर भुंकतो. सर्वसाधारण सभेत कुत्रा पाळायला बंदी घालायचा ठराव आणतोय. चालेल ना? (पाथर्डी फाटा)

ठराव टिकणार नाही. तक्रार मात्र खरी आहे, आणि तुमच्यापेक्षा ती त्या कुत्र्याची जास्त आहे.

भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, एकमताचा ठराव असला तरी. लिफ्टबंदीही करता येत नाही. सार्वजनिक जागेत पट्टा लावणं, घाण उचलणं आणि दरवर्षी रेबीजची लस टोचणं याचा आग्रह जरूर धरा.

आता मालकांसाठी. दहा तास एकट्याने बाल्कनीत राहणं कुठल्याच कुत्र्याला मानवत नाही. नाशिकची हवा थंड असा समज आहे, पण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पश्चिमेकडची फरशी दुपारनंतर तव्यासारखी तापते. हाताची पालथी बाजू फरशीवर सात सेकंद ठेवून बघा. ठेववली नाही तर कुत्र्याचे तळवेही भाजणार. पग, बुलडॉग यांसारखी चपट्या नाकाची कुत्री आणि हस्कीसारखी दाट केसांची कुत्री लवकर कोसळतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. ते 41 च्या वर गेलं, जोरजोरात धाप लागली, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या की उष्माघात समजा. अंगावर नळाचं पाणी ओतत राहा, पंखा लावा, मग दवाखान्यात न्या. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका. तो गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो.

भुंकण्याचं कारण बहुधा एकटेपणाची भीती आणि न खर्ची पडलेली ताकद. सकाळी कामाला जाण्याआधी 40 मिनिटं हुंगत-हुंगत फिरवा. सकाळच्या जेवणातला अर्धा भाग पोकळ रबरी खेळण्यात भरून निघताना द्या. घरात मोबाइल लावून ठेवून तो नेमका कधी भुंकतो ते बघा. सुट्टीच्या दिवशी दाराबाहेर 30 सेकंद थांबून परत या, मग दोन मिनिटं, मग पाच, मग पंधरा. भुंकायला लागण्याच्या आत परतायचं, हे यातलं मर्म आहे. भुंकल्यावर दार उघडलंत तर भुंकल्याने माणूस येतो हेच तो शिकतो. दुपारी कुणीतरी येऊन अर्धा तास बाहेर नेईल अशी व्यवस्था लावा. ती लागतच नसेल, तर दोघंही नोकरीवर जाणाऱ्या घरात कुत्रं आणायला नको होतं. आणायच्या बेतात असलेल्यांनी तरी हे आधी ठरवावं. सोसायटीने बंदीच्या ठरावाऐवजी दुपारी घरी असणाऱ्या एखाद्या आजोबांना किंवा कॉलेजच्या मुलाला त्या घराशी जोडून द्यावं.

मुलासाठी घेतलेलं छोटं कासव आता ताटलीएवढं झालंय. रामकुंडात सोडलं तर पुण्य लागेल, असं सासूबाई म्हणतात. (पंचवटी)

सोडू नका. दुकानात मिळणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव मूळचं अमेरिकेतलं आहे. ते 25-30 सेंटिमीटरपर्यंत वाढतं आणि सांभाळलं तर 30 वर्षंही जगतं. गोदेत तगलं तर इथल्या कासवांचं अन्न आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतं. न तगलं तर हाल होऊन मरतं. मोठी टाकी, पाणी गाळायचा फिल्टर, उन्हाची किंवा यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) दिव्याची सोय आणि पाण्याबाहेर बसायला दगड एवढं करा. हाताळल्यावर मुलाचे हात साबणाने धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असतात. पाठीवर चांदणीसारखी नक्षी असलेलं आपल्याकडचं कासव किंवा पिंजऱ्यातला देशी पोपट असेल, तर ते पाळणंच 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तो प्राणी वनविभागाकडे द्या.

आमची द्राक्षबाग आहे, घर मळ्यातच. राखणीचा कुत्रा रात्री ओट्याजवळ साखळीला असतो. शेजारच्या मळ्यातला कुत्रा बिबट्याने उचलला. वडील म्हणतात, कुत्रा असतोच त्यासाठी, तो गेला तर माणूस वाचतो. मला पटत नाही. (मखमलाबाद शिवार)

तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. वडिलांचा हिशेबही चुकतोय. बांधलेला कुत्रा पळू शकत नाही आणि भुंकून आपली जागा सांगत राहतो. बिबट्याला ते सोपं भक्ष्य असतं. एकदा ओट्यावर मिळालं की तो पुन्हा ओट्यापर्यंत येतो, आणि त्याच ओट्यावर घरातली लेकरं खेळतात. मळ्यात किंवा दारणा नदीकाठच्या उसात राहणाऱ्या प्रत्येक घराने हे लक्षात घ्यावं.

कुत्र्याने राखण करणं यात गैर काही नाही. रात्री त्याला घरात घ्या. आवाज आतूनही येतो. ते शक्य नसेल तर घराच्या भिंतीला लागून सहा बाय चार फुटांची बंद खोली करा: खाली काँक्रीट, चारही बाजूंना जाड वेल्डमेश जाळी, तिची चौकट दोन इंचांपेक्षा मोठी नको, आणि वर पक्कं छप्पर. छप्पर विसरू नका. बिबट्याला भिंत चढता येते. कडी बाहेरून हुकाने अडकवा. एका बाजूला फळी लावा, नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी जाळीतून झोंबते. मेंढपाळांच्या कुत्र्यांना खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो, तो मोकळ्या कुत्र्याला उपयोगी पडतो, बांधलेल्याला नाही. मेलेल्या कोंबड्या, उरलंसुरलं मांस बांधावर टाकू नका. बिबट्या दिसला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

दिवसाही साखळी नको. दोन खांबांमध्ये डोक्यावरून 30-40 फूट तार ताणा आणि तिच्यावर सरकणाऱ्या कडीला दोर अडकवा. दोराच्या दोन्ही टोकांना फिरणारी कडी हवी, नाहीतर पीळ पडून गळा आवळतो. आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये, याची आपल्या सगळ्यांना लाज वाटली पाहिजे.

बाग आहे म्हणून आणखी एक. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. त्यातल्या टार्टारिक आम्लामुळे हे होत असावं असं आता मानलं जातं, म्हणून चिंचही देऊ नका. किती खाल्लं तर चालेल असं सुरक्षित प्रमाण नाही. बेदाण्यात तोच ऐवज सुकून आटलेला असतो, त्यामुळे मूठभरही धोक्याचे. आधी उलट्या, सुस्ती, मग एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. खाल्ल्याचं दिसताच दोन तासांच्या आत दवाखान्यात पोहोचलात तर उलटी करवता येते. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने वेगळी विषबाधा होते. तोडणीच्या दिवसांत खाली पडलेले घड उचलेपर्यंत कुत्रा बागेबाहेर ठेवा.

चौदा वर्षांचा लॅब्रेडॉर. किडन्या निकामी होत आल्यात, मागचे पाय उचलत नाहीत. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शांत करण्याबद्दल विचारलं. आई म्हणते हे पाप, मुलगा म्हणतो त्याचे हाल बघवत नाहीत. (नाशिकरोड)

निर्णय ‘आम्हाला बघवतं का’ यावर घेऊ नका, त्याचे दिवस कसे जातात यावर घ्या. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी मोजपट्टी दिली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी 0 ते 10 गुण द्यायचे; 10 म्हणजे उत्तम. बेरीज 35 च्या वर असेल तर सांभाळत राहणं योग्य. घरातल्या तिघांनी वेगवेगळे गुण लिहा, आठवडाभर रोज. आई आणि मुलाचं एकमत होण्याची शक्यता अशाने वाढते.

तोवर करण्यासारखं बरंच आहे. कातडीखाली सलाइन द्यायला डॉक्टर तुम्हाला शिकवतील. जाड गादीवर ठेवा, दर तीन-चार तासांनी कूस बदला, कोपर आणि कमरेचं हाड लाल झालंय का बघा. जखम तिथूनच सुरू होते. पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलला तर तो स्वतः लघवीला जाऊ शकेल, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला याचं फार समाधान असतं. आपल्या घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन उरलीसुरली किडनी संपवतं.

कुत्र्याला शांत करताना आधी भुलीचं इंजेक्शन देऊन गाढ झोपवतात, नंतर शिरेतून भुलीच्याच औषधाचा मोठा डोस देतात. काही मिनिटांत श्वास आणि हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा उसासा किंवा स्नायूंची थरथर दिसते. तो जिवंत असल्याची ती खूण नसते, हे आईंना आधी सांगा. पहिली झोप न देता थेट औषध देणार असतील तर ‘आधी झोपवा’ असा आग्रह धरा. शक्य असेल तर घरी करा आणि त्याच्या ओळखीचं माणूस डोक्याशी असू द्या. पापाबद्दल आमचं मत विचाराल तर, वेदना थांबवण्याचा उपाय हाताशी असताना तो न करणं आम्हाला जास्त जड वाटतं. लांब कुठेतरी नेऊन सोडून देणं मात्र कुठल्याही हिशेबात बसत नाही. विनाकारण प्राणी टाकून देणं त्याच कलम 11 खाली गुन्हा आहे.

पुरायचं असेल तर विहीर, बोअरवेल आणि नाल्यापासून दूर, अंगावर किमान तीन-चार फूट माती येईल एवढा खोल खड्डा घ्या आणि वर दगड रचा. देह उघड्यावर टाकू नका. ते औषध मांसात टिकून राहतं आणि खाणारं जनावर किंवा पक्षी मरू शकतो. अंजनेरीच्या कड्यांवर आपल्याकडे अजून गिधाडं आहेत.