'कुपिका', 'पिकणे' आणि भाताची तीन नावं

नोकरीनिमित्त टांझानियातल्या दार-ए-सलामला निघालेल्या एका ताईंनी दोन प्रश्न विचारलेत. त्या फोनवर स्वाहिलीतले, म्हणजे तिथल्या भाषेतले, स्वयंपाकघरातले शब्द पाठ करताहेत. फोनमध्ये म्पुंगा, म्चेले आणि वाली या तिन्हींपुढे एकच अर्थ येतो, 'राईस'. मग फरक काय? आणि दुसरं, 'कुपिका' म्हणजे शिजवणे. तर हा शब्द आपल्या 'पिकणे'चा, संस्कृत 'पक्व'चा नातेवाईक आहे का?

पहिल्याचं उत्तर इंग्रजीतून शोधू नका, मराठीतून लगेच सापडतं. शेतातलं उभं पीक आणि टरफलासकटचा दाणा म्हणजे म्पुंगा, आपली साळ. टरफल निघाल्यावर हाती येतात ते म्चेले, तांदूळ. आणि ताटात वाढतात तो वाली. एकच जपायचं: कोकणात आपण शेतातल्या पिकालाही भात म्हणतो आणि ताटातल्यालाही. वाली मात्र फक्त ताटातला. दुकानात किलोभर हवे असतील तर म्चेलेच मागायचे. उच्चारताना ओठ मिटून 'म्' सुटा म्हणायचा आणि 'च' कायम 'चार'मधला, 'चमचा'मधला नाही.

साळीपासून ताटापर्यंतची क्रियापदंही अशीच आपल्या घरातली वाटतात. शब्दाआधी लागणारा 'कु' म्हणजे आपला शेवटचा 'णे', तो काढला की धातू उरतो. ट्वांगा म्हणजे कांडणे. त्यासाठी उखळ म्हणजे किनू आणि मुसळ म्हणजे म्ची. सागा म्हणजे दळणे. पेपेटा म्हणजे पाखडणे, आणि ज्या सुपात पाखडायचं ते उंगो. ज्यांच्या घरात सूप नाही त्यांना या एका क्रियेसाठी वाक्यभर स्पष्टीकरण लागेल, आपल्याला एक शब्द पुरतो. मला सगळ्यात आवडलेली जोडी ढवळण्याची आहे. चहा किंवा पेज ढवळायची तर कोरोगा. पण उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा तिथला रोजचा घट्ट गोळा, करताना पीठ जोर लावून फिरवावं लागतं, त्याला म्हणतात सोंगा. तांदळाची उकड करताना आपण ती 'ढवळतो' का? हाटतो. कोरोगा म्हणजे ढवळणे, सोंगा म्हणजे हाटणे, असं लक्षात ठेवलंत की पुन्हा चुकणार नाही. हाटायचा लाकडी कालथा म्हणजे म्विको. याच शब्दाचा दुसरा अर्थ 'निषिद्ध गोष्ट' असाही आहे, म्हणून पुस्तकात तो भलत्याच ठिकाणी भेटला तर गोंधळू नका.

आता 'कुपिका'. कानाला कितीही जवळचं वाटलं तरी हे नातं खरं नाही. 'पिका' हा धातू बांटू कुळाचा, आफ्रिकेतलाच. स्वाहिलीच्या बहिणींमध्ये तो आजही आहे: झुलूत 'फेका', शोनात 'बिका', अर्थ तोच, शिजवणे. आपलं 'पिकणे' संस्कृत 'पक्व'पासून प्राकृत 'पिक्क'मार्गे आलेलं. दोन वेगळ्या कुळांतले शब्द आवाजाने योगायोगाने जवळ आले. अशी साम्यं मोहात पाडतात, मलाही पाडतात. पण त्या शब्दाची सख्खी भावंडं कुठे राहतात हे आधी बघावं, मग नातं जोडावं.

नातं नसलं तरी साम्य आहे, ते दुसऱ्याच शब्दात. 'इवा' हे क्रियापद बघा. 'एंबे लिमेइवा' म्हणजे आंबा पिकला. 'चाकुला किमेइवा' म्हणजे जेवण शिजलं. फळाचं पिकणं आणि अन्नाचं शिजणं एकाच शब्दात. संस्कृत 'पक्व'मध्येही हे दोन्ही अर्थ होते: पक्व फळ आणि पक्वान्न. मराठीने पुढे वाटणी केली, फळ पिकतं आणि भात शिजतो. चुलीवरची आच आणि झाडावरचं ऊन एकच काम करतात, हे दोन भाषांना आपापलं सुचलं, याचा मला फार आनंद होतो.

खरोखर आपल्याकडून गेलेले शब्द वेगळेच आहेत: चपाती, बजिया, आणि कांदा-टोमॅटोची काचुंबारी, म्हणजे आपली कचुंबर. 'सुकारी' अरबीतून स्वाहिलीत आली, पण तिचं मूळ 'शर्करा'च.

ताईंनी विचारलं नाही, तरी नारळाचे शब्द आधी शिकून घ्या. किनाऱ्यावरचा स्वयंपाक त्याच्याशिवाय होत नाही. माड म्हणजे म्नाझी, नारळ नाझी, शहाळं दाफू. खवणे म्हणजे कुना. खवलेला नारळ पिळायचा, कामुआ, गाळायचा, चुजा, मग मिळतं ते तुई, नारळाचं दूध. पहिलं दाट तुई वेगळं, दुसरं पातळ वेगळं, अगदी आपल्या जाड रस-पातळ रसासारखं. उरलेला चोथा म्हणजे माचिचा. या तुईत शिजवलेला भात म्हणजे 'वाली वा नाझी'.

आणि खवणी? तिला म्हणतात म्बुझी, म्हणजे शब्दशः बकरी. बसायची लाकडी पाटी आणि पुढे मान काढून आलेलं दातेरी पातं. विळीवर बसून ज्याने नारळ खवलाय त्याला ही बकरी चटकन दिसेल. व्याकरणात मात्र दोघींचा गोठा वेगळा. बकरी सजीव, म्हणून ती कुठे आहे हे विचारताना 'म्बुझी युको वापी?' खवणी निर्जीव, म्हणून 'म्बुझी इको वापी?' शेजारणीकडे खवणी मागायला गेलात तर 'इको' म्हणा.