एल्फला परी म्हणू नका

‘एल्व्ह्जनी जंगलातून हल्ला केला.’ असली वाक्यं हल्ली फार कानावर येतात आणि दर वेळी मी अस्वस्थ होतो. ‘एल्व्ह्ज’ हे इंग्रजी अनेकवचन आहे. त्याला आपण वर ‘नी’ लावला की एकाच शब्दाचं दोनदा अनेकवचन होतं. परवा तर ‘एक एल्व्ह्ज मेला’ असंही ऐकलं. मराठीत हा शब्द बैलासारखा चालवावा. एक बैल, दोन बैल, बैलांनी. एक एल्फ, दोन एल्फ, एल्फांनी. विषय संपला.

आता प्रश्नाकडे येतो. चार मित्र घरच्या घरी मराठीत एक रोलप्लेइंग खेळ रचत आहेत. फासे, नकाशा, नियम, सगळं स्वतःचं. त्यांच्या जगात उंच, दीर्घायुषी, रानात राहणारे तिरंदाज एल्फ आहेत. त्यांना एक जण ‘परी’ म्हणतो, दुसरा ‘गंधर्व’, तिसरा ‘यक्ष’. यातला खरा शब्द कोणता, आणि या मंडळींना खेळात रंगवायचं कसं, असं त्यांनी विचारलं आहे.

परी अजिबात नको. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचं मूळ अवेस्तातल्या, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथातल्या, ‘पइरिका’ या भुलवणाऱ्या दुष्ट स्त्रियांशी जोडलं जातं आणि मराठीत तर तो निव्वळ स्त्रीलिंगी आहे. उलट जुन्या इंग्रजीतला ‘अल्फ’ पुल्लिंगी होता. गंधर्व म्हटलं की महाराष्ट्रात बालगंधर्व, सवाई गंधर्व, कुमार गंधर्व आठवतात. तो शब्द आपण गाण्याला देऊन टाकला आहे, तो तिथेच शोभतो. यक्षाची मूर्ती पाहायची तर पितळखोऱ्याच्या लेण्यातून दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलेला यक्ष पाहा. ठेंगणा, ढेरपोट्या, हसरा, आणि कण्हदास नावाच्या सोनाराने आपण तो घडवल्याचं त्यावर कोरलेलं. हिमगौरीच्या गोष्टीतल्या बुटक्यांना तो जवळचा आहे, एल्फांना नाही.

माझा शब्द आहे ऋभू.

‘एल्फ’चं मूळ बहुतेक कोशकार ‘पांढरा’ या अर्थाच्या ‘अल्भ्’ अशा आदिधातूकडे नेतात. लॅटिन ‘अल्बुस’ म्हणजे पांढरा. आपला फोटोंचा अल्बम त्यातलाच, रोममध्ये ती जाहीर सूचनांची पांढरी पाटी होती. आल्बिनोही त्यातलाच. आल्फ्रेड या नावाचा अर्थ ‘एल्फांचा सल्ला लाभलेला’. इथवर माझी तक्रार नाही. पण जर्मन अभ्यासक आडालबर्ट कून यांनी एकोणिसाव्या शतकात या शब्दाशेजारी ऋग्वेदातले ऋभू नेऊन ठेवले, आणि ती जोडी एकदा पाहिली की डोळ्यांसमोरून हलत नाही.

ऋभू तीन भाऊ: ऋभू, विभ्वन् आणि वाज. जन्माने माणसं, हाताच्या कसबाने देव झालेले. त्यांनी अश्विनांचा रथ घडवला, इंद्राचे घोडे घडवले, कातड्यातून गाय उभी केली, म्हाताऱ्या आईबापांना तरुण केलं. देवांचा कारागीर त्वष्टा, त्याने घडवलेल्या एका चमसाचे, म्हणजे सोमपात्राचे, त्यांनी चार केले. चौथ्या मंडलातल्या सूक्तात थोरला म्हणतो दोन करू, मधला म्हणतो तीन, धाकटा म्हणतो चार, आणि त्वष्टा त्यांची वाखाणणी करतो. पहिल्या मंडलातल्या सूक्तात तोच त्वष्टा ‘देवांच्या पात्राची निंदा करणाऱ्या यांना मारू या’ म्हणतो आणि देवस्त्रियांत जाऊन लपतो. त्यांच्या बापाचं नाव सुधन्वा, उत्तम धनुष्याचा धनी. म्हणून ते सौधन्वन. तुमच्या एल्फांच्या हातातलं धनुष्य आपल्याकडे त्यांच्या बापाच्या नावातच आहे!

आता उत्तरेकडे या. जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या, काव्यात व्होलुंड नावाचा लोहार आहे, इंग्रजांचा वेलँड. त्याला तिथे सरळ ‘एल्फांचा राजा’ म्हटलं आहे. तेही तिघे भाऊ, आणि त्यांच्यातला एगिल नामांकित तिरंदाज. निदुद राजा व्होलुंडला पकडून पांगळा करतो, तेव्हा व्होलुंड त्याच्या दोन मुलांच्या कवट्यांना चांदी मढवून पेले करतो आणि राजाकडे पाठवतो. तीन भाऊ, अचाट कारागिरी, धनुष्य, पेला, आणि सत्ताधाऱ्याशी वैर. एवढं सगळं योगायोगाने जुळलं असं मला कुणी सांगू नये.

सांगणारे आहेत. संस्कृत कोशकार मोनियर-विल्यम्स ‘ऋभू’ला ‘रभ्’ धातूकडे नेऊन मोकळे होतात, म्हणजे ‘आरंभ’मधला रभ्, हाती घेणे. दुसरा एक पक्ष जर्मन ‘आर्बाइट’शी, म्हणजे श्रमाशी, नातं लावतो. आजच्या बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना कून यांची जोडी पटत नाही, हेही खरं. पण वेदांचे अभ्यासक मॅकडोनेल यांनी १८९७ साली ‘रभ्’ही मान्य केला आणि एल्फशी नातंही मान्य केलं, त्यांना त्यात अडचण वाटली नाही. ध्वनींचं म्हणाल तर ‘रलयोरभेदः’, र आणि ल यांत भेद नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोराला ठाऊक असायचं. संस्कृत ‘भ’च्या जागी जर्मन शाखेत ‘ब’ येतो, भ्राता-ब्रदर पाहा. जर्मन ‘आल्ब’मध्ये तो ‘ब’ तसाच राहिला, इंग्रजीत शब्दाच्या शेवटी त्याचा ‘फ’ झाला. आणि वैदिक शब्दांची फोड करणारा प्राचीन आचार्य यास्क काय म्हणतो? त्याच्या निरुक्तात ‘ऋभू’ची पहिलीच फोड आहे ‘उरु भान्ति’, जे विस्तीर्ण प्रकाशतात ते. तिकडे पांढरे, इकडे प्रकाशणारे. यास्काच्या व्युत्पत्तींना ‘लोकव्युत्पत्ती’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी निदान या ठिकाणी क्षणभर थांबायला हवं होतं.

रंगवायचं कसं, हे राहिलंच. टोकदार कानांचा जुन्या नॉर्स वाङ्मयात पत्ता नाही. हवे असतील तर ठेवा. पण जुन्या लोकांना एल्फांची भीती वाटायची, ती वगळू नका. हजारएक वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी हस्तलिखितात अचानक भरलेल्या उसणीवरचा मंत्र आहे, आणि कळ उठवणाऱ्यांत तिथे ‘एल्फांचा बाण’ मोजला आहे. जर्मन भाषेत दुःस्वप्नाला ‘आल्पट्राउम’ म्हणतात, छातीवर येऊन बसणाऱ्या आल्पाचं, म्हणजे एल्फाचंच, स्वप्न. म्हणजे तुमच्या खेळात ऋभूचा बाण दिसायची गरज नाही. रानातून परतलेल्या माणसाच्या बरगडीत उसण भरते, जखम कुठेच सापडत नाही, आणि फासा पडेपर्यंत कुणालाच कळत नाही की आपण कुणाच्या हद्दीत पाय टाकला होता. कोकणातला, गोव्यातला देवचार असाच हद्द राखतो. त्याचा मान ठेवला तर तो सांभाळतो, विसरलात तर वाट चुकवतो. तो धाक त्यांना द्या, आणि कसब ऋभूंचं द्या. त्यांच्याकडून काही घडवून घेणं हेच तुमच्या खेळातलं सर्वांत मोठं साहस असू द्या. त्यांची गाठ कधी पडते, यालाही आधार आहे. बारा दिवस ते अगोह्याच्या, म्हणजे ज्याला लपवता येत नाही त्या सूर्याच्या, घरी झोपतात, असं ऋग्वेद सांगतो. वर्षातले ते बारा दिवस तुमच्या नकाशावर एकही ऋभू जागा नसावा. इतर दिवशी तिसऱ्या सवनाची, म्हणजे यज्ञात सोमरस काढण्याची, वेळ, संध्याकाळची, त्यांची.

लिहिताना ‘ऋभू’ दीर्घ, कवी-गुरूसारखा. समासात मात्र ह्रस्व: ऋभुवन, ऋभुकन्या. सामान्यरूप ऋभूने, ऋभूंनी. उच्चार आपला मराठी, ‘रुभू’. हिंदीच्या वळणाने ‘रिभू’ म्हणू नका.