गॅरेजचे स्वयंचलित दार खाली येता येता परत वर जाते. सेन्सरची तार काढून टाकावी का?

तार काढू नका. दाराच्या दोन बाजूंच्या सेन्सरपैकी एक डोळ्यांना न दिसणारा किरण सोडतो, दुसरा तो घेतो; मध्ये कोणी आले की दार परत फिरते. हे सेन्सर निकामी करण्याचा सल्ला मला माझ्याच घरात मिळाला होता, म्हणून लिहितो.

कोल्हापूरच्या नागाळा पार्कातील आमच्या गॅरेजचे दार दिवाळीनंतर रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास अर्ध्यावर येऊन परत फिरू लागले. रात्री मात्र निमूट बंद होई. मिस्त्रीने मोटर चालवणारा बोर्ड बदलायला सांगितला. थोरल्या बंधूंनी, गॅरेज दक्षिणमुखी नको असे आपण तेव्हाच बजावले होते हे ऐकवून, दोन्ही सेन्सर तोंडाला तोंड लावून वर मोटरीपाशी बांधून टाकण्याचा उपाय सुचवला. तसे केल्यास दार विनातक्रार बंद होते, हे खरे. पण खाली नातू रांगतो आहे, हे दाराला दिसत नाही.

शेवटी एका संध्याकाळी मी फरशीवर पालथा पडून पाहिले. पूर्वेकडच्या चौकटीवर, वीतभर उंचीवर असलेल्या, किरण घेणाऱ्या सेन्सरच्या भिंगावर तिरपे ऊन पडले होते आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तळहाताची सावली धरली की दिवा स्थिर होई, हात काढला की पुन्हा लुकलुके. समोरून येणारा अवरक्त किरण त्या उन्हात हरवत होता आणि काहीतरी आडवे आले असे समजून दार मागे फिरत होते. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे कलून मावळतो, म्हणूनच हे ऊन दक्षिणेच्या दारातून आत येत होते. सेन्सरची अदलाबदल करून घेणारा पश्चिमेला लावला, त्याची पाठ उन्हाकडे झाली; सकाळच्या उन्हासाठी उद्यमनगरातून पत्र्याची छोटी टोपी वाकवून आणली. बोर्ड जुनाच आहे.

तुमचे दार दिवसभर असे करत असेल, तर आधी भिंगावरची धूळ व कोळ्याचे जाळे कोरड्या मऊ कापडाने पुसा. सायकलचा धक्का लागून सेन्सर तिरका झाला असल्यास दोन्हींमध्ये दोरा ताणून तो सरळ करा. मग उंदरांनी तार कुरतडली आहे का, ते पाहा. दिव्यांचे रंग प्रत्येक बनावटीत वेगळे असतात, आणि तारेला हात लावण्यापूर्वी वीज बंद करायची, हे आधीच लिहायला हवे होते. दाराच्या स्प्रिंगला मात्र मुळीच हात लावू नका.

दुरुस्तीनंतर गुडघाभर उंचीचे रिकामे खोके मध्ये ठेवून दार सोडा. ते खोक्याला न टेकता परत गेले पाहिजे. मी ही चाचणी बंधूंच्या समक्ष केली. दोष दक्षिणेचाच होता, असे ते अजूनही म्हणतात.